तिसरं बोट सैल गेलं

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. पेनाचं टोक दाबलं की टिक करणारी ती स्प्रिंग नव्हे. ती आमच्या नात्यातली फार लांबची आणि जरा उथळ पोर. मी गाडीच्या चाकापाशी उभी राहणारी. अंगठ्याएवढ्या जाड तारेचे आठ वेढे, उंची तुमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आणि सगळ्यांत खालच्या वेढ्यावर दोन पिवळे ठिपके. दोनच माणसं मावतील अशा एका लहानशा स्पोर्ट्स गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकावर, मी अकरा वर्षं काढली. माझ्या डोक्यावर एक बाई बसायची. ही गोष्ट तिचीच आहे, माझी फक्त नावाला.

आधीच सांगते, गोष्ट दुःखाची आहे. मी ती मनातल्या मनात पुष्कळदा सांगून पाहिली. दर वेळी शेवट तोच आला.

माझा जन्म भट्टीत झाला. तापून लाल झालेली सळई फिरत्या दांड्यावर गुंडाळली की झाली स्प्रिंग, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. गुंडाळल्यावर आम्हाला तेलात बुडवतात, पुन्हा शेकतात, अंगावर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात आणि मग खरी परीक्षा येते. यंत्राखाली ठेवून आम्हाला वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबतात. एकदा नाही, तीनदा. शेवटी सोडल्यावर जी ठरलेल्या उंचीला परत येते ती पास. जी केसभरही खाली राहते ती भंगारात. म्हणजे कामाला लागायच्या आधीच आम्हाला जन्माचं ओझं दाखवून ठेवतात. माणसांसाठी अशी काही सोय नसावी.

पास झालेल्यांना रंग आणि ठिपके मिळतात. पिवळे ठिपके म्हणजे उंच आणि मऊ. लाल ठिपके म्हणजे बुटक्या, जाड तारेच्या आणि कडक. गाडी तीच, चाकं तीच, पण लाल ठिपक्यांच्या बहिणी बसवल्या की गाडी जमिनीला पोट टेकून पळणार. साहजिकच त्यांना तोरा फार. मालाच्या गोदामात त्या आम्हाला गादीवाल्या म्हणायच्या. मऊ असणं ही काही शरमेची गोष्ट नाही, हे मला पुढे कळलं, पण तेव्हा कळलं नव्हतं.

आम्ही पिवळ्या चौघी एका गॅरेजच्या फळीवर दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. तिथला मिस्त्री कामात पक्का आणि बोलण्यात तिखट होता. चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथे त्याने तांब्याची तार बांधली होती. एक दिवस त्याच्याकडे ती गाडी आली. निळी, चपटी, दिसायला देखणी. तिच्यातून पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले. ते सूट शिवणारे टेलर. तीस वर्षं अशाच गाड्यांतून येणाऱ्या लोकांच्या पायांशी बसून त्यांनी पँटींच्या लांब्या घेतल्या होत्या. आता पहिल्या मालकाने विकायला काढलेली ही गाडी त्यांनी घेतली होती. मिस्त्री त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून मीही मास्तरच म्हणते.

मास्तर उतरले, पण त्यांच्या बायकोला उतरता येईना. गाडीत लाल ठिपकेवाल्या होत्या. सीट इतकं खाली की रस्त्यावर बसल्यासारखं. बाईंचा एक गुडघा दुखरा होता. त्यांनी दाराच्या चौकटीला धरून दोनदा जोर लावला आणि दोन्ही वेळा परत सीटवर आदळल्या.

"अहो," त्या आतून म्हणाल्या, "मला बाहेर काढा, नाहीतर रोजचं जेवण तरी इथे आणून देत जा."

मास्तरांनी हात दिला, मिस्त्रीने दुसरा हात दिला आणि त्या हसत हसत बाहेर आल्या.

"वहिनी, गाडी तुमच्यावर रागावलीय," मिस्त्री म्हणाला. तेव्हापासून माझ्यासाठीही त्या वहिनी झाल्या.

मास्तरांनी विचारलं, "हिला उतरता येईल अशी काही सोय होते का?"

"होते की." मिस्त्रीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "तीन प्रकार आहेत. एक, आत्ता आहेत त्या. बुटक्या, कडक. वळणावर गाडी हलत नाही, पण चाकाखाली खडा आला तरी पाठीला कळतं, आणि गतिरोधकावर पोट घासतं. दुसऱ्या, त्या फळीवरच्या. उंच, मऊ. गाडी वळणावर जराशी कलेल, पण माणूस सुखात बसेल. तिसरा प्रकार आट्यांचा. रिंग फिरवली की गाडी वर, उलटी फिरवली की खाली. पण त्याचे लाड लहान पोरासारखे करावे लागतात."

"पहिल्या आणि दुसऱ्यात उंचीचा फरक किती?"

"सव्वा इंच धरा."

मास्तर खाली बसले आणि त्यांनी चाक आणि वरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत आपलं बोट घातलं. टेलरचाच हात तो. टेप घरी विसरला तरी बोटं बरोबर असतात. आत एकच बोट गेलं. ते म्हणाले, "सव्वा इंच म्हणजे माझी दोन बोटं. इथे तीन गेली पाहिजेत. पिवळ्या बसवा."

"मास्तर, लोक माझ्याकडे गाडी खाली घ्यायला येतात. स्पोर्ट्स गाडी उंच करून घेणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

"कपडा माणसाला बसला पाहिजे," मास्तर म्हणाले, "माणूस कपड्याला नाही."

असे आम्हाला बरे दिवस आले. फळीवरून उतरून त्या गाडीखाली उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की आपण कशासाठी जन्मलो. वहिनी येऊन बसल्या आणि मी त्यांच्या भाराने जराशी खाली गेले. बासष्ट किलो. स्प्रिंगला नाव कळत नाही, चेहरा दिसत नाही, वजन कळतं. आम्ही माणूस ओळखतो तो असा.

मग दर रविवारचा नेम ठरला. वहिनी आधी गाडीत बसायच्या. मास्तर दार लावायचे, दोन पावलं मागे येऊन माझ्या चाकापाशी उकिडवे बसायचे आणि फटीत बोटं घालायचे. पहिलं सहज जायचं, दुसरं बेताचं, तिसरं घासत घासत.

"तीन. घट्ट," ते ओरडून सांगायचे.

"पास का मग?" आतून वहिनी विचारायच्या.

"पास."

एवढं झालं की गाडी निघायची. गल्लीतले लोक त्यांची थट्टा करायचे, की गाडी शर्यतीची आणि चाल शिवणयंत्राची. खरंच, मास्तर जोरात कधी गेले नाहीत. पण शहराबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी कलली की वहिनी मुद्दाम त्यांच्या खांद्यावर रेलायच्या. "कडक स्प्रिंगा असत्या तर हे सुख नव्हतं," असं त्या एकदा म्हणाल्या. माझं एवढं कौतुक दुसऱ्या कोणी केलं नाही.

मास्तरांचं एक बोलणं मी गाडीत किती वेळा ऐकलं असेल. गिऱ्हाइकांची मापं ते वहीत लिहायचे. प्रत्येकाचं पान वेगळं. एकदा त्यांच्या लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, तुमच्या वहीत आईचं पान आहे का?" ते ऐटीत म्हणाले, "लग्नाच्या वेळचं आहे. त्यानंतर घ्यायची गरज काय? घरच्या माणसाचं माप डोळ्यात असतं." वहिनी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आणि डोळ्यांना चष्मा लागलाय, ते सांगा तिला." तिघंही हसली.

मित्रांनो, आता पुढचं सांगायला जड जातं.

दहाव्या वर्षी माझ्यावरचा भार कमी व्हायला लागला. आधी मला वाटलं, पर्स घरी राहिली असेल. मग वाटलं, हिवाळ्यातली जाड शाल गेली. पण उन्हाळा गेला, शाल परत आली आणि भार तरीही कमीच. बासष्टाचे साठ झाले, साठाचे अठ्ठावन्न. खड्डा आला की वहिनी पोटाशी हात धरायच्या. मास्तरांचं लक्ष रस्त्यावर असायचं. मी होता होईल तेवढा तो खड्डा स्वतः गिळायचे. याहून जास्त काही स्प्रिंगला करता येत नाही. मला तोंड असतं तर मी भर रस्त्यात ओरडले असते.

आणि तरी मी सांगितलंच. माझ्या परीने जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. डोक्यावरचा भार कमी झाला की स्प्रिंग वर येते, आणि मी वर आले. एका रविवारी मास्तरांनी बोटं घातली. पहिलं सहज गेलं, दुसरं सहज गेलं आणि तिसरं न घासता आत गेलं.

त्यांनी बोटं काढली, परत घातली.

"किती?" आतून वहिनींनी विचारलं.

"तीनच. पण सैल आहे गं."

वहिनींनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाल्या, "तुमची बोटंच म्हातारी झाली असतील. चला आता, ऊन वाढतंय."

मास्तर मापाच्या बाबतीत ऐकणारे नव्हते. पुढच्या तीन रविवारी त्यांनी बघितलं, तिन्ही वेळा सैल. चौथ्या आठवड्यात ते वहिनींना घेऊन सरळ मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "डावीकडची मागची स्प्रिंग बिघडलीय. गाडी तिथे वर राहते."

मिस्त्रीने आधी चाकातली हवा बघितली. हवा बरोबर होती. मग गाडीची ती बाजू जॅकवर उचलून माझ्यावर बॅटरी मारली, बोटाने गंज खरवडला, शॉकअप दाबून बघितला. सगळं जागच्या जागी होतं. तो हात पुसत बाहेर आला.

"मास्तर, स्प्रिंग जुनी झाली की बसते. सगळ्या बसतात. माणसासारखंच आहे ते. उठणारी स्प्रिंग मी अजून जन्मात बघितली नाही." मग त्याने गाडीत बसलेल्या वहिनींकडे बघितलं आणि आपल्या सवयीने टोमणा मारला, "स्प्रिंगला काही झालेलं नाही. वहिनीच बारीक झाल्या असतील."

मास्तर हसले. मिस्त्री हसला. आणि सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या वहिनी. "होऊ दे की," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं प्रयत्न करून जमलं नाही, ते बसल्या जागी झालं म्हणायचं."

मी वर टांगलेली होते, माझ्यावर कोणाचाच भार नव्हता, आणि इतकं जड मला कधीच वाटलं नव्हतं. खरी गोष्ट त्या गॅरेजमध्ये बोलली गेली होती. तिघांनी ती ऐकली आणि तिघांनी हसून घालवली. त्यातल्या एकीला ती खरी आहे हे ठाऊक होतं.

मास्तरांचं समाधान होईना. शेवटी मिस्त्री म्हणाला, "असं करू. डावीची उजवीकडे घालतो, उजवीची डावीकडे. खोट स्प्रिंगमध्ये असेल तर ती उजवीकडे जाईल." त्याने आम्हा दोघी बहिणींची अदलाबदल केली. मी मास्तरांच्या बाजूला गेले आणि वहिनी माझ्या बहिणीच्या डोक्यावर बसल्या. पुढच्या रविवारी मास्तरांनी मिस्त्रीला आपल्या जागी बसवून दोन्हीकडे बोटं घातली. उजवीकडे मी नेहमीसारखी घट्ट. डावीकडे सैलच.

मिस्त्री म्हणाला, खोट स्प्रिंगची नाही, बाजूची आहे. कदाचित खालचा सांगाडा वाकला असेल. मग सांगाड्याची मापं झाली. सांध्यांतले रबरी बुश बदलले. या सगळ्यात पाच आठवडे गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. खोट बाजूची आहे इथपर्यंत दोघे शहाणे पोचले. त्या बाजूला बसतं कोण, एवढंच त्यांनी विचारलं नाही.

शेवटी मिस्त्रीने कंटाळून आम्हाला पुन्हा आपापल्या जागी बसवलं. मी डावीकडे आले आणि वहिनी बसल्या. बावन्न. पाच आठवड्यांपूर्वी सोडल्या होत्या त्या वहिनी या नव्हत्याच.

त्यांनी ते का लपवलं, हे मला मागाहून कळलं. लेकीला दिवस गेले होते. ती दूरच्या शहरात होती आणि तिला पहिल्यापासून त्रास होता. "तिचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग दाखवते डॉक्टरला. आत्ता नस्तं काही निघालं तर ती पोर हाय खाईल." असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या आणि शेजारणीला शपथ घातली होती. त्यांना वाटलं, चार महिन्यांनी काय बिघडतं. सगळ्याच आयांना तसं वाटतं.

लेकीला मुलगी झाली. वहिनी तिला बघायला गेल्या, न्हाऊमाखू घातलं आणि परत आल्यावर दोन दिवसांनी स्वयंपाकघरात कोसळल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं, "वजन किती दिवसांपासून उतरतंय?" मास्तर म्हणाले, "उतरलंय? मला तर... नाही, तसं काही." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. एकेचाळीस. "सहा महिने आधी आणलं असतंत तर काहीतरी करता आलं असतं," असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. मास्तर हिशोब मांडत बसले, सहा महिन्यांपूर्वी आपण कुठे होतो. आणि त्यांना आठवलं, की आपण गॅरेजमध्ये होतो.

नऊ दिवसांनी वहिनींना घरी न्यायला सांगितलं. आता दवाखान्यात ठेवून उपयोग नव्हता. मास्तरांनी त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. दुखऱ्या गुडघ्यासाठी उंच केलेल्या त्या सीटवर त्या टेकल्या आणि मला काही जाणवलंच नाही, म्हणजे इतकं थोडं जाणवलं. मास्तरांनी दार लावलं. दोन पावलं मागे येऊन ते माझ्यापाशी आले. सवयीने आले असतील, किंवा तेवढा वेळ तोंड लपवायला जागा हवी असेल. ते उकिडवे बसले आणि त्यांनी फटीत बोटं घातली.

पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं आणि वर जागा उरली. बोटांना कुठे काही लागेना. त्या वेळी त्यांना सगळं कळलं. मी इतके महिने काय सांगत होते ते त्यांनी तेव्हा वाचलं.

आतून बारीक आवाज आला. "अहो, किती?"

मास्तरांनी दोन्ही डोळे शर्टाच्या बाहीला पुसले.

"तीन," ते म्हणाले.

"घट्ट?"

"घट्ट."

"पास का मग?"

मास्तर उठले, वळसा घालून आत बसले आणि त्यांनी गाडी सुरू केली. ते दोघे तीस वर्षांत एकमेकांशी कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. पण त्या एका वर्षात त्या एकदा बोलल्या आणि ते एकदा बोलले, आणि दोघांनाही दुसऱ्याचं खोटं माहीत होतं. घरापर्यंतचा रस्ता मी शक्य तेवढ्या हळुवारपणे उचलून नेला. एकही खड्डा मी वर पोचू दिला नाही. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम आणि ते कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं.

वहिनी अठरा दिवसांनी गेल्या.

त्यानंतर मास्तर एकदा गाडी घेऊन निघाले आणि गल्लीच्या टोकावरून परत आले. उतरून बघतात तो डावी बाजू वर. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून सुटाच्या कापडाचे तागे आणले आणि वहिनींच्या सीटवर रचले. एक तागा ठेवायचा, खाली बसून बोटं घालायची. मग दुसरा ठेवायचा, परत बोटं घालायची. तिसरं बोट घट्ट जाईपर्यंत ते रचत गेले. मग त्या ढिगाऱ्याला पट्टा बांधून ते शहराबाहेरच्या त्याच वळणावळणाच्या रस्त्यावर गेले. वळण आलं, मी कलले, पण कापड काही कोणाच्या खांद्यावर रेलत नाही. बासष्ट किलो होतं ते. मला वजनाशिवाय दुसरं काही ओळखता येत नाही, असं मी म्हणाले होते ना? त्या दिवशी कळलं, की तेही खरं नव्हतं.

कपाट आवरताना लेकीला आईचे ब्लाउज सापडले. ती ते बाबांपुढे घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हे आतून असे का शिवलेत?" मास्तरांनी एक उलटा करून बघितला. त्यांनी घातलेल्या शिवणीच्या आत दुसरी शिवण होती. दुसऱ्या ब्लाउजला दोन होत्या. शेवटच्या ब्लाउजला तीन, एकीच्या आत एक, दर वेळी अर्धं अर्धं बोट आत. टीप वहिनींची होती. तीस वर्षांत त्यांची टीप कधी सरळ आली नाही आणि मास्तर त्यावरून त्यांना चिडवायचे. मास्तर दुकानात गेले की त्या घरच्या मशीनवर बसून आपलं बारीक होणं आतून शिवून टाकत होत्या. कपडा अंगावर सैल दिसला असता तर टेलरच्या डोळ्यात आला असता, म्हणून.

मास्तर म्हणाले, "मी सगळ्या गावाला कपडे बसवत होतो." एवढंच म्हणाले आणि तो ब्लाउज तोंडाला लावून रडले. लेकीने त्यांना रडू दिलं.

जायच्या दिवशी लेक गाडीपाशी आली. सीटवरचे तागे तिने बघितले. एकेक उचलून ओट्यावर ठेवला आणि त्या जागी स्वतः बसली. "बघा बाबा," ती म्हणाली, "आता किती बोटं?"

मास्तर खाली बसले. त्यांनी बोटं घातली आणि त्यांचा चेहराच उतरला. तिसरं सैल होतं. ते उठून खिडकीशी गेले. "तू जेवतेस ना नीट? झोप होते? कुठे दुखतंय का? खरं सांग."

"अहो बाबा, मी आईपेक्षा पहिल्यापासून बारीक आहे. तुम्हाला माहीत आहे की."

"मला काही माहीत नाही," मास्तर म्हणाले. "खाली उतर. माप घेऊ दे."

अंगणातच त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि लेकीचं माप घेतलं. मनगट, दंड, खांदा, कंबर. वहीत तिच्यासाठी नवं पान काढलं आणि वर तारीख घातली.

गाडी पुढे त्यांनी विकली. घेणाऱ्या मुलीला ती जमिनीला टेकलेली हवी होती. मिस्त्रीने फळीवरच्या लाल ठिपकेवाल्या शोधून काढल्या आणि आम्हा चौघींना उतरवलं. त्यात माझं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तिचे गुडघे चांगले होते. मला हातात घेऊन तो मास्तरांना म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मी खरं बोललो होतो आणि मलाच कळलं नाही." मास्तर म्हणाले, "तुम्ही बोललात तरी. मला बोटं घालूनही कळलं नाही." मग त्यांनी मला फडक्यात गुंडाळून घरी आणलं.

आता मी त्यांच्या कापण्याच्या टेबलावर असते. मास्तर सूट शिवत नाहीत, पण मापं घेतात. लेक दर दोन महिन्यांनी येते. चपला काढायच्या आधी टेप तिच्या मनगटावर असतो. "बाबा, मागच्या खेपेला घेतलं की," ती म्हणते. "घेतलं होतं. आज परत घेतो," ते म्हणतात. मिस्त्री चहाला आला तर त्याचीही सुटका नाही. "मला शर्ट नकोय हो," तो कुरकुरतो. "शर्ट देतंय कोण तुम्हाला?" मास्तर म्हणतात आणि त्याच्या कंबरेला टेप लावतात. एकदा मिस्त्रीचं माप पाऊण इंच कमी भरलं, तर त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. काही निघालं नाही. मास्तर त्या दिवशी पोटभर जेवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागत असतात. तेल द्या, रंग द्या, भंगारात देऊ नका. माझं तसलं काही मागणं नाही. मागायचंच तर एवढंच मागते, की घरच्या माणसाचं माप डोळ्यात आहे, असं कधी म्हणू नका. डोळे रोज बघतात, म्हणून त्यांना थोडं थोडं कमी होणं दिसत नाही. अधूनमधून आईचं मनगट हातात धरा. आजोबांचा हात खांद्यावर घ्या. बाबांच्या कुशीत जाऊन बसा, तुम्ही मोठे झाला असलात तरी. आणि काही सैल लागलं, तर आधी त्या माणसाला विचारा. त्याने हसून टाळलं तर तुम्ही हसू नका. परत विचारा.

खिडकीतून वारा आला की वहीची पानं उलटतात, म्हणून मास्तरांनी मला वहीवर ठेवलं आहे. वही नेहमी एकाच पानावर उघडी असते. त्यावर एका नव्या नवरीचं एकच माप आहे, एकतीस वर्षांपूर्वीचं, आणि त्याखाली सगळं पान कोरं आहे. मिस्त्री म्हणतो ते खरं आहे, जुनी स्प्रिंग अखेर बसते. मी त्या कोऱ्या जागेवर बसले आहे.